वजन कमी करण्याच्या ट्रायलमध्ये नाव द्यायचंय? सही करण्याआधी हे वाचा

जे. पी. नगरमध्ये वजन कमी करण्याच्या सल्ल्यांना तोटा नाही. मिनी फॉरेस्टमध्ये सकाळी चालताना भेटणाऱ्या मैत्रिणी सांगतात, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी डाएट चार्ट टाकतं आणि सुट्टीत पुण्याला गेलं की आत्या दारातच म्हणते, “काय गं, जरा सुटलीस की!” अशात एखाद्या दिवशी डॉक्टरांकडून किंवा ओळखीतल्या कुणाकडून कळतं, की वजन कमी करण्याच्या नव्या औषधाची क्लिनिकल ट्रायल सुरू आहे, त्यासाठी माणसं हवी आहेत आणि औषध, तपासण्या सगळं मोफत आहे.

मनात दोन विचार एकदम येतात. “एवढं महाग औषध फुकट मिळतंय, का सोडा?” हा पहिला आणि “आपण काय प्रयोगशाळेतले उंदीर आहोत का?” हा दुसरा. दुसरा बहुतेक वेळा सासूबाईंच्या तोंडून ऐकू येतो. दोन्हींत थोडं तथ्य आहे, पण दोन्ही अर्धवट आहेत. प्रश्न तुमच्या शरीराचा आणि आयुष्यातल्या दीड-दोन वर्षांचा आहे, त्यामुळे अर्धवट माहितीवर हो म्हणू नका आणि नाहीही म्हणू नका.

ट्रायल आणि उपचार यांत फरक काय?

तुम्ही दवाखान्यात जाता तेव्हा डॉक्टरांपुढे एकच काम असतं, तुम्हाला बरं करणं. ट्रायलमध्ये त्यांच्यापुढे दोन कामं असतात. तुमची काळजी घ्यायची असतेच, पण एका प्रश्नाचं उत्तरही शोधायचं असतं: हे औषध खरंच काम करतं का आणि ते सुरक्षित आहे का? उत्तर आधीच ठाऊक असतं तर ट्रायलची गरजच पडली नसती. म्हणून “डॉक्टर देताहेत म्हणजे चांगलंच असणार” हे समीकरण इथे लागू होत नाही, डॉक्टर कितीही भले असले तरी.

उत्तर शोधण्यासाठी सहभागी लोकांचे गट पाडले जातात. एका गटाला खरं औषध मिळतं आणि दुसऱ्याला बहुतेक वेळा प्लासिबो, म्हणजे दिसायला तसंच पण औषध नसलेलं इंजेक्शन किंवा गोळी. कुणाला काय मिळणार हे चिठ्ठी काढल्यासारखं संगणक ठरवतो आणि अनेक ट्रायलमध्ये ते तुम्हालाही माहीत नसतं, डॉक्टरांनाही नसतं. “मॅडम, मला खरंच द्या हं” अशी ओळख इथे चालत नाही.

एक खरं उदाहरण बघू. सेमाग्लुटाइड या औषधाची ‘स्टेप १’ नावाची ट्रायल १६ देशांत १२९ ठिकाणी झाली आणि तिचे निकाल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात १,९६१ जण होते. जवळजवळ तीन चतुर्थांश महिला होत्या आणि सरासरी वजन १०५ किलो होतं. तिघांपैकी दोघांना औषध आणि एकाला प्लासिबो अशी विभागणी होती. आठवड्याला एक इंजेक्शन, असं ६८ आठवडे चाललं. औषधाच्या गटात वजन सरासरी १४.९ टक्क्यांनी कमी झालं, प्लासिबोच्या गटात २.४ टक्क्यांनी.

आता प्लासिबोच्या गटातल्या एखादीच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. ६८ आठवडे दर आठवड्याला पोटात सुई टोचून घ्यायची, आहार सांभाळायचा, आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम करायचा आणि शेवटी वजनात सरासरी अडीच किलोंचा फरक. तिच्यामुळेच औषधाचा खरा परिणाम मोजता आला, त्यामुळे तिचं योगदान मोठं आहे. पण मनाची तयारी नसेल तर माणूस खचतो. “मला प्लासिबो मिळालं तरी चालेल का?” हा प्रश्न स्वतःला सर्वांत आधी विचारा.

आपण त्यात बसतो का?

नाव दिलं म्हणजे निवड झाली असं नसतं. आधी स्क्रीनिंग होतं. वजन, उंची, रक्तदाब, रक्ताच्या तपासण्या, ईसीजी, जुने आजार, चालू गोळ्या, सगळं पाहिलं जातं.

इथे आपल्या लोकांसाठी एक गंमतीची अडचण आहे. भारतीयांच्या शरीरात कमी वजनालाही चरबीचं प्रमाण जास्त असतं, म्हणून आपल्याकडच्या डॉक्टरांनी २००९ मध्येच वेगळे निकष सुचवले: बीएमआय २३ च्या वर गेला की जास्त वजन आणि २५ च्या वर गेला की लठ्ठपणा. पण ‘स्टेप १’मध्ये प्रवेशासाठी बीएमआय ३० हवा होता किंवा वजनाशी संबंधित एखादा त्रास असेल तर किमान २७. म्हणजे इथले डॉक्टर जिला “वजन कमी करा” म्हणतात, तीच ट्रायलच्या दारातून परत येऊ शकते. तसं झालं तर वाईट वाटून घेऊ नका. निकष प्रत्येक ट्रायलचे वेगळे असतात.

आणि वाचणाऱ्या सगळ्या आयांसाठी आणि आई होऊ इच्छिणाऱ्यांसाठी: या औषधांच्या ट्रायलमध्ये गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या महिलांना घेत नाहीत. मूल होण्याच्या वयातल्या महिलांना गरोदर नसल्याची चाचणी आणि ट्रायल संपेपर्यंत गर्भनिरोधक वापरण्याची अट असते. सेमाग्लुटाइड घेणाऱ्या महिलेनं मूल होऊ देण्याच्या किमान दोन महिने आधी ते थांबवावं, असं औषधासोबतच्या सूचनांत सांगितलेलं असतं. टिर्झेपेटाइडमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होऊ शकतो. तेव्हा दुसऱ्या बाळाचा विचार मनात असेल तर तो आधी नवरा-बायकोत बोलून घ्या आणि डॉक्टरांपासून लपवू नका. घरात कुणाला थायरॉइडचा कर्करोग झाला असेल तर तेही सांगा, कारण त्याच्या एका विशिष्ट प्रकारात ही औषधं देत नाहीत.

त्रास काय होऊ शकतो?

‘स्टेप १’मध्ये औषध घेणाऱ्यांपैकी ४४ टक्के लोकांना कधी ना कधी मळमळ झाली. प्लासिबोच्या गटात हे प्रमाण १७ टक्के होतं. जुलाब, उलट्या, बद्धकोष्ठताही झाली. बहुतेकांचा त्रास सौम्य किंवा मध्यम होता आणि काही दिवसांत कमी झाला. पण पोटाच्या त्रासामुळे ४.५ टक्के लोकांनी औषध सोडलं आणि पित्ताशयाच्या तक्रारीही औषधाच्या गटात जास्त दिसल्या.

हे आकडे आपल्याला कळले ते ट्रायलमुळेच. आता थोडं मागे जाऊ. सिब्युट्रामीन नावाची वजन कमी करणारी गोळी अनेक वर्षं जगभर विकली जात होती, भारतातही. नंतर हृदयविकाराचा धोका असलेल्या सुमारे १० हजार लोकांवर एक मोठी, काही वर्षं चाललेली ट्रायल झाली. तिच्यात दिसलं, की ही गोळी घेणाऱ्यांमध्ये हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांचं प्रमाण जास्त आहे. २०१० मध्ये युरोप-अमेरिकेतून ती मागे घेतली गेली आणि फेब्रुवारी २०११ मध्ये भारतानंही तिच्यावर बंदी घातली. ट्रायलमध्ये धोका असतो हे खरंच आहे. पण नीट ट्रायल न होता औषध घरोघरी पोहोचलं तर तोच धोका कुणाच्या नकळत लाखो लोक उचलतात.

कायदा तुमच्या बाजूनं काय म्हणतो?

“उंदीर” हा शब्द उगाच आलेला नाही. आपल्या देशात माणसांना नीट न सांगता ट्रायलमध्ये घेतल्याच्या तक्रारी झाल्या आहेत. इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंच या संस्थेनं २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि त्यानंतर नियम कडक होत गेले. आज लागू आहेत ते ‘नवीन औषधे आणि क्लिनिकल ट्रायल नियम, २०१९’. त्यातल्या या गोष्टी लक्षात ठेवा:

१. नोंदणी: नव्या औषधाची प्रत्येक ट्रायल ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’ म्हणजे सीटीआरआयवर नोंदवणं बंधनकारक आहे आणि पहिली व्यक्ती दाखल होण्याआधी ती नोंद व्हावी लागते. हे संकेतस्थळ कुणालाही मोफत पाहता येतं. नोंदणी क्रमांक मागा, घरी येऊन शोधा आणि रुग्णालयाचं व डॉक्टरांचं नाव त्या यादीत आहे का ते पाहा. क्रमांक द्यायला टाळाटाळ झाली तर तिथूनच परत फिरा.

२. एथिक्स कमिटी: प्रत्येक ट्रायलला अशा समितीची मंजुरी लागते. समितीत किमान सात जण असतात, त्यांत एक सामान्य नागरिक, एक महिला आणि एक कायदा जाणणारी व्यक्ती असावी लागते आणि निम्मे सदस्य तरी त्या संस्थेबाहेरचे असावे लागतात. समितीचा संपर्क तुमच्या कागदांत असतो. डॉक्टरांबद्दल तक्रार असेल तर ती इथे करता येते.

३. संमतीपत्र: सगळी माहिती तुम्हाला समजणाऱ्या भाषेत मिळायला हवी. बेंगळुरूत कागद बहुधा इंग्रजी आणि कन्नडमध्ये पुढे येतात. तुम्ही कन्नड बोलत असाल, भाजीवाल्याशी घासाघीसही करत असाल, पण आजाराची कलमं वाचणं वेगळं. मराठी किंवा हिंदी प्रत आहे का ते विचारा. माहितीपत्रक आणि सही केलेलं संमतीपत्र, दोन्हींची प्रत तुम्हाला मिळालीच पाहिजे.

४. बाहेर पडणं: कधीही, कुठलंही कारण न देता ट्रायल सोडता येते. त्यामुळे त्या रुग्णालयातल्या तुमच्या नेहमीच्या उपचारांवर परिणाम होता कामा नये. सोडताना मात्र डॉक्टरांना कळवा, म्हणजे शेवटच्या तपासण्या होतील.

५. इजा झाली तर: ट्रायलदरम्यान इजा झाली तर तिचा उपचार मोफत मिळतो, जोवर गरज आहे तोवर किंवा ती इजा ट्रायलमुळे झालेली नाही हे सिद्ध होईपर्यंत. ट्रायलमुळे कायमचं अपंगत्व किंवा मृत्यू आला तर भरपाई द्यावी लागते. तिचं सूत्र नियमांतच आहे. ८ लाख रुपये ही पायाभूत रक्कम धरून वय आणि आधीच्या आजाराची जोखीम यांनुसार हिशेब होतो. गंभीर घटना घडली तर डॉक्टरांनी ती २४ तासांत वर कळवायची असते.

संमतीपत्रात तुमचं शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न आणि नॉमिनीचं नाव विचारलेलं असतं. नॉमिनीचा रकाना पाहून पोटात गोळा येतो. तो भरपाईच्या नियमामुळे आहे आणि सगळ्यांच्याच फॉर्मवर असतो. पण त्या रकान्यात जिचं किंवा ज्याचं नाव लिहाल, त्या व्यक्तीशी सही करण्याआधी बोला. फॉर्म घरी न्या, रात्री जेवणं झाल्यावर शांतपणे वाचा. “आत्ताच सही करा, जागा संपताहेत” असं कुणी म्हणालं तर तेवढं एक वाक्य नाही म्हणायला पुरेसं आहे.

रोजच्या धबडग्यात हे जमेल का?

६८ किंवा ७२ आठवडे म्हणजे जवळजवळ दीड वर्ष. त्यात एक-दोन दिवाळ्या, गणपती, मुलांच्या परीक्षा, गावची लग्नं, सगळं येतं. ठरलेल्या दिवशी, काही वेळा उपाशीपोटी, रुग्णालयात पोहोचावं लागतं. बन्नेरघट्टा रोडवर सकाळी साडेआठची गर्दी तुम्हाला माहीत आहे. मुलांची स्कूलबस, नवऱ्याचं किंवा तुमचं ऑफिस आणि ही भेट यांचा मेळ कसा बसणार ते आधी कागदावर मांडा. रुग्णालय मेट्रोच्या ग्रीन लाइनजवळ असेल तर निम्मा प्रश्न सुटतो. प्रवासखर्च मिळतो का, ते मोकळेपणानं विचारा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

काही ट्रायलमध्ये डायरी लिहावी लागते: काय खाल्लं, कधी मळमळलं, कुठली गोळी घेतली. ती खरी लिहा. गौरीच्या जेवणाला तीन पुरणपोळ्या खाल्ल्या तर तीन लिहा. डोकेदुखीची गोळी किंवा आजेसासूबाईंनी दिलेला काढा, तोही लिहा. तुमच्या डायरीवर उद्या दुसऱ्या कुणाचा तरी डोस ठरणार असतो.

ट्रायल संपल्यावर काय?

हा प्रश्न विचारायला बहुतेक जण विसरतात आणि खरी कसोटी इथेच आहे.

‘स्टेप १’ संपल्यावर ३२७ जणांवर पुढे वर्षभर लक्ष ठेवलं गेलं. औषध बंद, आहार-व्यायामाचं समुपदेशनही बंद. वर्षभरात औषधाच्या गटातल्या लोकांनी कमी केलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आलं. टिर्झेपेटाइडच्या एका ट्रायलमध्ये ३६ आठवडे औषध देऊन वजन सुमारे २१ टक्क्यांनी उतरवलं आणि नंतर अर्ध्या लोकांना नकळत प्लासिबोवर आणलं. वर्षभरात त्यांचं वजन सरासरी १४ टक्क्यांनी वाढलं. औषध चालू राहिलेल्यांचं आणखी साडेपाच टक्क्यांनी घटलं.

यात कुणाच्या मनाच्या कमकुवतपणाचा संबंध नाही. ही औषधं भुकेची आणि पोट भरल्याची जाणीव देणाऱ्या यंत्रणेवर काम करतात. औषध थांबलं की भूक परत येते, जशी रक्तदाबाची गोळी बंद केली की रक्तदाब वर जातो. म्हणून “दीड वर्ष मोफत” ऐकताना पुढच्या वर्षांचाही हिशेब करा. मार्च २०२५ मध्ये टिर्झेपेटाइड भारतात आलं तेव्हा २.५ मिलिग्रॅमच्या एका कुपीची किंमत ३,५०० रुपये आणि ५ मिलिग्रॅमची ४,३७५ रुपये होती. आठवड्याला एक कुपी धरली तर महिन्याला १४ ते साडेसतरा हजार. सेमाग्लुटाइडच्या पेटंटची भारतातली मुदत मार्च २०२६ पर्यंतचीच होती, त्यामुळे अनेक भारतीय कंपन्या स्वस्त पर्यायांच्या तयारीला लागल्या. तरी घरखर्चात वर्षानुवर्षं बसवायचा हा एक नवा हप्ता आहे, हे विसरू नका.

ट्रायलनंतर औषध मोफत देण्याची तरतूद नियमांत आहे, पण ती मुख्यतः ज्या आजाराला दुसरा उपचारच नाही अशांसाठी. वजनासाठी बाजारात पर्याय असल्यामुळे त्या आशेवर राहू नका. कागदावर काय लिहिलंय तेच धरा.

सही करण्याआधी हे आठ प्रश्न विचारा

– ट्रायलचा सीटीआरआय क्रमांक काय आहे?
– औषध आधी किती माणसांना दिलं गेलं आहे आणि ही ट्रायल कितव्या टप्प्यातली आहे?
– मला प्लासिबो मिळण्याची शक्यता किती?
– एकूण किती भेटी आणि किती वेळा रक्त देणं?
– मला कुठला खर्च करावा लागेल का?
– रात्री दोन वाजता त्रास झाला तर कुणाला फोन करायचा?
– माझी माहिती कोण पाहणार आणि नाव गुप्त राहणार का?
– ट्रायल संपल्यावर औषध बंद होणार की मिळत राहणार, आणि मला कुठलं औषध मिळालं हे कधी कळणार?

उत्तरं लिहून घ्या. सोबत घरातलं कुणी असेल तर आणखी चांगलं, कारण एकटीनं ऐकताना निम्मं निसटतं. आणि जिथे उलट पैसे भरायला सांगतात, “महिन्यात दहा किलो नक्की” असं आश्वासन देतात आणि क्रमांक विचारला की विषय बदलतात, तिथे ट्रायल नसते, जाहिरात असते.

आणि हे कुणासाठी?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २०१५-१६ मध्ये आपल्या देशातल्या २०.६ टक्के महिलांचं वजन प्रमाणापेक्षा जास्त होतं, २०१९-२१ मध्ये ते प्रमाण २४ टक्क्यांवर गेलं. औषधांची गरज खरी आहे आणि ती आपल्या लोकांवर तपासली जाणंही तितकंच गरजेचं आहे, कारण आपली शरीरं आणि आपला वरण-भात वेगळा आहे. टिर्झेपेटाइडच्या मोठ्या ट्रायलमध्ये भारतातलेही लोक सहभागी झाले होते. आज डॉक्टर विश्वासानं जो डोस सांगतात, त्यामागे अशाच कुणाकुणाची दीड वर्षं आहेत.

पण हो म्हणायचं ते स्वतःच्या कारणासाठी म्हणा. जिना चढताना दम लागतो म्हणून, साखर वाढते आहे म्हणून किंवा या संशोधनाला हातभार लावावासा वाटतो म्हणून. आत्याच्या टोमण्यासाठी, नणंदेच्या लग्नातल्या फोटोंसाठी किंवा नवऱ्यानं फॉर्म आणून ठेवला म्हणून नको. घरच्यांनाही एक विनंती: ती हो म्हणाली तर तिच्या भेटीच्या दिवशी मुलांना शाळेत सोडा आणि रोज वजनाचा आकडा विचारू नका. ती नाही म्हणाली तर त्याचं कारणही विचारू नका. कायद्यानं तिला ट्रायलच्या मधूनही कारण न सांगता बाहेर पडायचा हक्क दिला आहे, मग घरात तरी सुरुवातीलाच “नाही” म्हणायला परवानगी कशाला लागावी?

तेव्हा मैत्रिणींनो, क्रमांक मागा, कागद घरी आणा, सावकाश वाचा आणि मग ठरवा. आठवडाभर विचार केल्यानं कुठलीही चांगली ट्रायल रागावत नाही.